गौरींचा स्वयंपाक आणि आमचा सिंगल डोअर

२४ ऑगस्ट, रविवार

मांजरीहून दादाचा फोन. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे यंदा गौरी आमच्याकडे, विश्रांतवाडीला. मी हो म्हणून टाकलं, मग पूर्णिमाला सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून वहिनींच्या हाताखाली पुरण वाटतेय बिचारी. एकदम उठली आणि मला माळ्यावर चढवून पितळी पातेली काढायला लावली. कंबर धरली.

मग हिशोब सुरू. तीस माणसं जेवायला. पुरण, बासुंदी आधी करून ठेवावी लागणार. आपला फ्रिज एवढासा. मी म्हटलं, फ्रिज लहान नसतो, नियोजन लहान असतं. कंपनीत स्टोअर्स मी सांभाळतो. अख्ख्या प्लांटचे नट-बोल्ट एका शेडमध्ये बसवणाऱ्या माणसाला एक बासुंदी बसवता येऊ नये?

संकल्प : फ्रिज संपूर्ण माझ्या ताब्यात. पूर्णिमाने फक्त स्वयंपाक बघावा.

‘फक्त’ म्हटल्यावर ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. कौतुक असावं.

२५ ऑगस्ट, सोमवार

कामावरून आलो तो मेलेला. आळंदी रोडचा ट्रॅफिक. तरी शब्द दिलाय म्हणून फ्रिज रिकामा केला. कढीपत्त्याच्या तीन पुड्या, तिन्ही वाळलेल्या. एक आइस्क्रीमचा डबा, आत आइस्क्रीम नाही, ओलं खोबरं. त्याच्या खाली दुसरा आइस्क्रीमचा डबा, आत मेथी. माणसाने विश्वास कुठे ठेवायचा?

प्रत्येक कप्प्याला नंबर दिले. डब्यांवर लेबलं लावली. आधी आलेला माल आधी बाहेर. चैताली, आमची मुलगी, खराडीला आयटीत आहे, लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, बाबा, चिल. मी म्हटलं, त्याचीच तयारी चाललीय. हसली नाही. या पिढीला विनोद कळत नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. एकवीस मोदक नैवेद्याचे, वरचे आमचे. उरलेले कप्पा नंबर दोनमध्ये.

दुपारनंतर शेजारपाजारचे मोदक यायला लागले. समोरून आले, वरून आले. एकाच सोसायटीत सगळ्यांनी एकमेकांना मोदक देण्यामागचा तर्क मला कधी समजलेला नाही. शिवाय पेढे. शिवाय कुणीतरी पंचामृत, झाकण नसलेल्या वाटीत. संध्याकाळपर्यंत फ्रिज भरला. गौरी यायच्याच आहेत अजून.

पूर्णिमा म्हणाली, झालं का नियोजन? मी म्हटलं, हा तात्पुरता साठा आहे. तो कमी करण्यासाठी जेवणानंतर मोदक खाल्ले. बरेच. आता लिहवत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

ॲसिडिटी. रजा. साठा जैसे थे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

खालच्या मजल्यावरच्या रझियाभाभी आल्या होत्या. त्यांचा फ्रिज डबल डोअर. म्हणाल्या, पूर्णिमाताई, आमचे खालचे दोन कप्पे मोकळे करून ठेवलेत, बिनधास्त आणा, ईदला आमचं शीरखुर्म्याचं दूध तुमच्याकडेच होतं ना. ही मला नवीन माहिती. माझ्या फ्रिजमध्ये माझ्या नकळत माल येऊन गेला होता.

नम्रपणे नको म्हणालो. आमच्याकडे सगळी व्यवस्था चोख आहे, आपण कशाला तसदी घेता. आपला माल परक्या गोडाऊनमध्ये ठेवणं म्हणजे स्टोअर्सवाल्याची हार. त्या म्हणाल्या, बघा बाबा, आणि गेल्या.

पूर्णिमाने विचारलं, नको का म्हणालात? मी म्हटलं, गौरींचा नैवेद्य आहे, वहिनींना सोवळ्याचं वाटेल. कारण पटण्यासारखं होतं. तिने कढई घासायला घेतली. घासलेलीच होती.

३० ऑगस्ट, शनिवार

ही पहाटेपासून उभी. डाळ शिजवली, पुरण घोटलं, वाटलं. बासुंदी आटवली. दोन वाजता खुर्चीवर बसली ती पाय वर घेऊन. घोटे सुजलेत. मी विचारलं, चहा टाकू का? म्हणाली, दूध कुठे ठेवलंय ते तुम्हालाच माहीत.

तिचं म्हणणं होतं, पातेली निवल्याशिवाय फ्रिजमध्ये घालू नका. पण पंखा लावून तासन्‌तास बसण्यात वेळेचा अपव्यय होतो. गार करण्यासाठीच फ्रिज असतो. गरमच ठेवली. पुरणाचं पातेलं उंचीला बसेना, मग मधली जाळी काढली, पातेल्यावर बासुंदी, बासुंदीवर मोदक, फटीत चटण्या. बोट घालायला जागा नाही. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. इतकं नीट काम माझ्या हातून कंपनीतसुद्धा झालेलं नाही.

दार मात्र लागेना. सुतळीने बांधलं. वर चिठ्ठी : ‘सोमवार सकाळपर्यंत उघडू नये. – यज्ञेश्वर.’ चहाचं दूध रोज ताजं आणायचं ठरवलं.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. पूर्णिमाने हळदीकुंकवाची पावलं काढली, चैतालीने ताट वाजवलं. दादाने आधीच पोचवलेले मुखवटे चढवताना ही सारखी पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं थकव्याने. चैताली कानात म्हणाली, बाबा, आई खूश आहे हो.

आरास माझ्याकडे. लाइटच्या माळा आणल्या होत्या. वायर पोचेना. स्वयंपाकघराच्या दाराजवळचा बोर्ड तेवढा जवळ होता, तिथला एक प्लग काढून माळ लावली. मखर नुसतं झगमगलं. सोसायटीतल्या बायका फोटो काढून गेल्या. यश म्हणतात ते हेच. पाय मात्र फार दुखतायत.

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी

सुतळी मी स्वतः सोडली. घरच्या दोघी साक्षीला उभ्या.

आतून वास आला. दिवा लागला नाही.

बासुंदी फाटलेली. पुरणाला तार सुटलेली. पूर्णिमाने चमचा नाकाशी नेला आणि परत पातेल्यात ठेवला. मी म्हटलं, कॉम्प्रेसर गेला. आजकाल क्वालिटीच राहिलेली नाही. तेवढ्यात चैताली बोर्डापाशी वाकली. फ्रिजची वायर जमिनीवर पडलेली. प्लगच्या जागी माझी माळ, लाल-हिरवी, चालू-बंद, चालू-बंद.

पूर्णिमा ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. मी म्हटलं, प्लगवर लेबल असतं तर असं झालं नसतं. आता लिहिताना वाटतं, हे बोलायला नको होतं.

त्याच दिवशी, दुपारनंतर

दादा-वहिनी दहाला आले. वहिनी काठी टेकत सरळ आत गेल्या. मी प्रस्तावना करत होतो, त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही जरा बाहेर बसा.

बाहेर बसलो. आतलं ऐकू येत होतं. वहिनी म्हणाल्या, ऊठ पूर्णिमा, नैवेद्यापुरती वाटीभर डाळ कुकरला लाव, मी बसून घोटते, गौरी माहेरी आल्यात, त्या काय पोळ्या मोजणार आहेत? पूर्णिमा म्हणाली, मला सगळं नीट करायचं होतं हो वहिनी. मग रडण्याचा आवाज. मी पेपर उलटा धरलाय हे दादाने दाखवून दिलं.

पाहुण्यांना बाहेरचं श्रीखंड आणि घरच्या पुऱ्या. श्रीखंड ठेवायला जागा हवी म्हणून वहिनींनीच चैतालीला रझियाभाभींकडे पिटाळलं. मी सोवळ्याचं विचारलं. वहिनी म्हणाल्या, कसलं सोवळं? श्रीखंड दुकानातलं आहे. भाभी वर आल्या आणि तासभर पुऱ्या लाटल्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की मी सांगत होते. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोळा भाज्या झाल्या, पंगत उठली. मखराचं सगळ्यांनी कौतुक केलं. निदान आरास तरी.

२ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन. निघताना दादा म्हणाला, पुढच्या वर्षी हिचा गुडघा बरा असेल, गौरी मांजरीलाच आणू, तिथे दोन फ्रिज आहेत, पूर्णिमाला उगाच त्रास. दादाच्या मनात काही नसतं. पूर्णिमा म्हणाली, बरं. मुखवटे मऊ कापडात गुंडाळून तिने स्वतः पिशवीत ठेवले, आणि पिशवी गाडीपर्यंत स्वतः नेली. मला हात लावू दिला नाही.

एका अर्थी सुटलो.

३ सप्टेंबर, बुधवार

सुटल्यासारखं वाटत नाही. ही बोलते, पण कामापुरतं. गॅस नोंदवलात का, कपड्यांची पावडर संपली.

संकल्प : नवा फ्रिज. मोठा. आणि दादाशी स्पष्ट बोलायचं. गौरी आमच्याचकडे. यात डगमगायचं नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

फ्रिज आला. दोन माणसांनी जिन्यावरून चढवला, मी खालून सूचना दिल्या. स्वयंपाकघरात मावला नाही, हॉलमध्ये ठेवलाय, टीव्हीच्या जागी. पूर्णिमाने दार उघडलं. आत दिवा लागला. मोठा, पांढरा, सगळे कप्पे रिकामे. एका कप्प्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, छान आहे हो, पण आता यात ठेवायचं काय?

मी म्हटलं, थांब, दादाला फोन लावतो. लावला. वहिनींच्या गुडघ्याची चौकशी केली, फिजिओथेरपी कशी चाललीय विचारलं, मांजरीला पाऊस आहे का तेही. विश्रांतवाडीच्या पावसाबद्दल सविस्तर सांगितलं. दादा म्हणाला, आणखी काही? मी म्हटलं, नाही, सहज केला.

पूर्णिमा दारात उभी होती. काय म्हणाले, हे तिने विचारलं नाही.

मग मी घरातल्या सगळ्या बाटल्या गोळा केल्या, धुतल्या, पाणी भरून एकेका कप्प्यात रांगेने लावल्या. आता तितकं रिकामं दिसत नाही. आत्ताच एक ग्लास प्यायलो. पाणी छान गार होतं.