अर्धा गुण

सोमवार, चौदा तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघी ठीक. पत्राला कारण आहे, पण ते जरा पुढे येईल. फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा तुझ्या गुडघ्यांवर येऊन थांबले, म्हणून लिहायला बसलेय. टपालाने उशीर होईल, तेव्हा उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देते. तो दुकानात भावोजींच्या हाती देईल. भावोजींनी फोडू नये, असं पाकिटावरच लिहिते.

आधी क्लासचं सांगते. इंग्रजी तोंडी परीक्षेचे दिवस जवळ आलेत, बाहेरच्या खोलीत अकरा जण येतात. एक ट्रक ड्रायव्हर आहे. त्याला विषयाची चिठ्ठी दिली, ‘तुमच्या आवडत्या जागेबद्दल सांगा’. एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं, असा नियम. पठ्ठ्या चाळीस सेकंदांत सगळं आटोपून उठला! म्हटलं, अहो बसा, अजून वेळ आहे. तर म्हणतो, "बाई, जागा लहानच आहे." बाकीचे खो खो हसले. मला हसता येत नाही. परीक्षक हसत नाही, मान डोलवत नाही, ‘वा’ म्हणत नाही. त्याची सवय व्हावी म्हणून मीही चेहरा तसाच ठेवते. पोरं मागे मला ‘धोंडाबाई’ म्हणतात. म्हणू देत.

बघ, पुन्हा भलतीकडेच गेले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? चिमणीबद्दल लिहायचंय.

तुझ्या लेकीला त्या परदेशातल्या हॉस्पिटलचं पत्र येऊन सात महिने झाले. तोंडी परीक्षेत नवापैकी सात मिळाले की नर्सची जागा पक्की. या महिन्याच्या अखेरीपर्यंत निकाल दाखवला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला देतील. दोनदा तिने परीक्षेची तारीख घेतली आणि दोनदा रद्द केली, कारण माझ्याकडच्या सराव परीक्षेत तिचं घोडं दर वेळी साडेसहावरच अडत होतं. तू म्हणालीस, "नसेल जमत तर पाठव परत. इथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी जागा ठेवलीय. पोरीला उगाच दमवू नकोस." तुझं काही चुकलं नाही. मी जे सांगितलं त्यावरच तू बोललीस.

ताई, तिला साडेसहा मिळत नव्हते. मी देत होते.

पहिल्या वेळी, तुझी शपथ, मला खरंच शंका होती. बोलता बोलता ती दोन ठिकाणी अडखळली. सात द्यावेत की साडेसहा? साडेसहा दिले. तिने तारीख रद्द केली आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "चला, म्हणजे अजून दोन महिने तुझी कटकट ऐकायची!" त्या रात्री मला इतकी छान झोप लागली! हे गेल्यापासून तशी लागली नव्हती.

दुसऱ्या वेळी शंका नव्हती. ती सुंदर बोलली. आजारी माणसाशी खोटं बोलावं का, असा विषय होता, आणि ती अशी बोलली की मीच विषय विसरून ऐकत राहिले. आणि कागदावर लिहिलं साडेसहा. तिसऱ्या वेळीही तेच लिहिलं. तुला कारण हवं असेल. कारण एवढंच, की ती येण्याआधी हे घर मला खायला उठायचं. आता संध्याकाळी बाजारातून येते तर आत दिवा असतो, आणि कुणीतरी ओरडतं, "मावशी, चपला बाहेर काढ, फरशी पुसलीय!" त्या ओरडण्यासाठी मी हे केलं. लिहिताना लाज वाटतेय, पण आहे हे असं आहे.

बिंग कसं फुटलं ते सांगते. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पलीकडच्या गल्लीत एक रिटायर्ड मास्तर हाच क्लास घेतात. महिन्यातून एकदा माझी मुलं मी त्यांच्याकडे पाठवते, त्यांची ते माझ्याकडे. रोजच्या चेहऱ्यासमोर कुणीही बोलतं, अनोळखी माणसासमोर बोलता आलं तर खरं. सगळ्यांना पाठवलं, चिमणीला कधीच नाही. "घरची मुलगी, तिला कशाला?" असं म्हणून वेळ मारून नेत होते. गेल्या शनिवारी माझा घसा बसला. आवाजच फुटेना. चिमणीने मला न विचारता मास्तरांना बोलावून आणलं, तेवढीच माझी सुट्टी होईल म्हणून. आणि सगळ्यांत शेवटी स्वतः त्यांच्यासमोर बसली.

झाल्यावर मास्तर म्हणाले, "साडेसात. अगं, तू अजून इथे काय करतेयस?"

तिला वाटलं, म्हातारा कौतुकाने बोलतोय. सराव आम्ही फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो. तिने दोन महिन्यांपूर्वीचा काढला, मास्तरांना ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "हेही साडेसातच. बाई, तुम्ही किती दिले होते?" मी घशाकडे बोट दाखवलं. त्या घशाचे मी आयुष्यात एवढे उपकार मानले नव्हते.

मास्तर गेले. मला वाटलं ती भांडेल, आदळआपट करेल. तिने चहा केला, माझ्यापुढे ठेवला, समोर बसली. म्हणाली, "जाऊ नकोस म्हणाली असतीस तर मी भांडले असते आणि गेले असते. किंवा राहिलेही असते. पण मावशी, तू मला मी कच्ची आहे असं पटवलंस. परवा ड्युटीवर असताना वॉर्डात एक बाई माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली, तर मी दुसऱ्या नर्सला पुढे ढकललं. आठ महिन्यांपूर्वी मी असं केलं नसतं."

मग म्हणाली, "आईला मी नाही सांगणार. तू सांग."

म्हणून हे पत्र. पण एवढ्यावर भागत नाही गं. तिने येत्या गुरुवारची, सतरा तारखेची परीक्षेची जागा मिळवली आहे. आता रद्द करायला पुढे तारीखच नाही. आणि काल मी तिचा सराव घेतला तर तिला खरोखर बोलता येईना! वाक्य सुरू करते, मध्येच थांबते, माझ्याकडे बघते. मी सगळे नियम सोडले, मान डोलावली, हसले, "अगं, तू तयार आहेस, सात काय, साडेसात मिळतील" म्हणाले. तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "आज हे का म्हणतेयस?" एवढंच विचारलं आणि आत गेली. इतके महिने खोटं बोलले ते तिने मुकाट्याने मानलं, आणि खरं सांगितलं तर तिला त्यात माझी काहीतरी नवी चाल दिसते. सकाळपासून मी या खोलीतून त्या खोलीत नुसत्या फेऱ्या मारतेय. गॅसवर दूध दोनदा उतू गेलं.

आता तुझ्याकडे मागते. बुधवारी सहानंतर ती घरी असते. तिला फोन कर. तुला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही हे तिला ठाऊक आहे, पण तू तिला कधी फसवलं नाहीस हेही ठाऊक आहे. तिला सांग, "तू तयार आहेस, जा." दवाखान्यातल्या जागेचं नाव काढू नकोस. माझंही काढू नकोस.

तुलाही ती जवळ हवी आहे, ताई. डॉक्टरांनी जागा ठेवली की तू त्यांना ठेवायला लावलीस, एवढं मला कळतं. मी तुला दोष देत नाही, कुठल्या तोंडाने देऊ? पण आपल्या दोघींपैकी एकीने तरी तिला मनापासून ‘जा’ म्हणायला हवं. माझं ‘जा’ आता तिला खरं वाटत नाही. तुझं वाटेल.

तिच्याशी बोलून झालं की मला शिव्या द्यायला फोन कर. आधी तिला.

तुझ्या पोरीला अर्ध्या गुणाने अडवून ठेवणारी,
तुझी धाकटी