त्रेसष्ट नंबरचं वर्तुळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

मकरपुऱ्याच्या प्रयोगशाळेत आज पहिला दिवस. चोपन्नाव्या वर्षी गळ्यात ओळखपत्र! काम काचसामान धुण्याचं आणि वर्तुळं मोजण्याचं. अमोघ सरांनी समजावलं: थाळीत रोगजंतू सायीसारखे पसरतात. नव्या औषधात भिजवलेली कागदाची चकती मधे ठेवायची. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू मरतात, स्वच्छ वर्तुळ दिसतं. मी म्हटलं, हे मी पुस्तकात वाचलंय. सर म्हणाले, मग मावशी, माझी खुर्ची तुम्हीच घ्या.

आमचे हे दीड वर्षापूर्वी पायाच्या जखमेनं गेले. एकही औषध लागू पडलं नाही. या कामात माझं मन लागेल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बासष्ट औषधं वाया गेली. त्रेसष्टाव्यानं अठरा मिलिमीटर वर्तुळ दिलं. सर टाळ्या वाजवत होते. मी वर्तुळ पुन्हा मोजलं. दीड वर्ष उशीर झाला.

काचेनं कापलेलं माझं बोट आठवडाभर पिकलंय. धुवायला आलेल्या बाटलीत थेंबभर त्रेसष्ट उरलं होतं. ते बोटाला लावलं. चूक आहे, कळतं. ह्यांना मिळालं नाही, म्हणून लावलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बोट बरं. व्रणसुद्धा नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दही लागलं नाही. सासूबाईंपासून चालत आलेलं विरजण, तीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं. शेजारी कौशल्याबेनकडे मागायला गेले, तर त्यांचंही दूध तसंच. तमारी नजर लागी, म्हणाल्या आणि हसल्या.

आकांक्षा रविवारी डभोईहून येतेय, तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन. लेकीला दही लागतंच जेवताना.

बुधवार, १९ फेब्रुवारी

तीन दिवस बाहेर राहिलेलं दूध नासलं नाही. स्वयंपाकघरात मुंग्या मेल्यात, गोल रेघ आखल्यासारख्या. मधे मी उभी.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

जिन्यात सात कबुतरं मेलेली. माझ्या दारापासून बारा पावलं. काल मेलेल्या चिमण्या आठ पावलांवर होत्या.

कामावर सगळ्या थाळ्या स्वच्छ, औषध न घातलेल्यासुद्धा. सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, मावशी, थकलात, दोन दिवस झोप काढा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कौशल्याबेनची मांजर गेली. दुपारी बेनना श्वास घेता येईना, रुग्णवाहिका आली. लांब नेल्यावर बरं वाटलं म्हणे. मला काही होत नाही. चकतीला कुठं काय होतं?

आकांक्षाला सांगितलं, येऊ नकोस. म्हणाली, बाबा गेल्यापासून तुझं हे असंच चाललंय, आई. मी येणारच.

रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळ

ती यायच्या आत घर सोडलं. मकरपुऱ्याच्या पलीकडे, बंद कारखान्याच्या मोकळ्या आवारात बसलेय. इथं माणूस नाही. आता गवतही —

फोन आला. दाराला कुलूप बघून रडत होती. मी जिवाचं काही करून घेईन असं वाटलं तिला. इथं आहे, सुखरूप आहे, म्हटलं — कशाला सांगितलं मी —

अकरा वाजता

रिक्षा. तीच. ओरडले, तिथंच थांब! ती म्हणते, आई, पुरे झालं हे.

माझ्यामागं भिंत आहे.

साठ पावलं. पन्नास. पदराखाली बाळ — रडतंय, मोठ्यानं. रडू दे. रडतंय तोवर —