याचिकाकर्ता क्रमांक चार

मी, कारभारी नामदेव शिरसाट, वय ७२, धंदा शेती, पूर्वी कोर्टात बेलीफ, राहणार मौजे खांडवाडी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येते), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज सकाळी चहा आणि रक्तदाबाची गोळी दोन्ही घेतली आहेत. डॉ. गोरक्ष यांनी तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोललेले नाही. महिनाअखेरीस हृदयाचे ऑपरेशन ठरले आहे, म्हणून ही घाई.

कलम १. राहते घर पत्नी राहीबाई हिच्याकडे तहहयात राहील, तिच्या पश्चात मुलगा भागवत याचे. भागवतने आईला पुण्याच्या फ्लॅटवर नेण्याचा आग्रह धरू नये. तिला लिफ्टची भीती वाटते आणि या वयात ती मोडून काढण्याचे कारण नाही.

कलम २. विहिरीकडचे तीन एकर भागवतला. बँकेतली ठेव राहीबाईला. ती कोणासाठी मोडायची हे तिचे तिने ठरवावे, मी आयुष्यभर फार ठरवले.

कलम ३. फवारणीचा पंप शेजारी सुनील याच्याकडे दोन वर्षांपासून आहे. मागून मागून मी थकलो, म्हणून तो त्यालाच दिला. शिडी मात्र परत आणावी.

कलम ४. माझी ठासणीची बंदूक. ऑपरेशनमधून मी उठलो नाही, तर ती भागवतने लगेच पोलीस ठाण्यात जमा करावी. वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवाना मागू नये. परवानाधारकांनी दिलेले सन्मानचिन्ह भिंतीवरून काढावे. ही अट का, ते लिहिणे भाग आहे.

आमच्याकडे रानडुकरांसाठी पीक संरक्षणाच्या बंदुका आहेत. निवडणूक लागली की त्या ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर परत आणायच्या, ही नेहमीची पद्धत. गेल्या लोकसभेनंतर त्या परत मिळाल्या नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की राज्याच्या महाधिवक्त्यांनी अभिप्राय दिला आहे. परवाना पिकासाठी आहे, तेव्हा पीक उभे असेतोवरच बंदूक घरी. शेत मोकळे झाले की ती ठाण्यात.

मला राग आला. अकरा वर्षांत मी बंदूक दोनदा वाजवली आणि दोन्ही वेळा डुकरे जागची हलली नव्हती, त्यामुळे बंदुकीचे मला काही पडले नव्हते. पण कायद्यात नसलेली अट एखादा वकील, मग तो कितीही मोठा असो, नुसत्या पत्राने कशी घालतो? मी एकतीस वर्षे कोर्टाचे कागद दारोदार पोचवले. कोणी काय करायचे आणि कोणी नाही, हे मला पाठ होते. मी सत्तावीस परवानाधारक गोळा केले आणि खंडपीठात याचिका केली. क्रमांक एक मी. क्रमांक चार हनुमंत गर्जे. त्याच्या भुईमुगाची डुकरांनी केलेली नासाडी फोटोंत अशी स्वच्छ दिसत होती की आमचे वकील खूश झाले.

याचिका दाखल होण्याच्या चार दिवस आधी हनुमंतची बायको पुष्पावती माझ्या ओट्यावर आली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. ती उभ्याउभ्याच बोलली.

"आबा, ह्यांचं नाव तेवढं वगळा. बंदूक ठान्यात हाय तवर घरात झोप लागती. रागाच्या भरात ह्यांचा हात कुटं जाईल, सांगता येत न्हाई."

मी तिला म्हणालो, हा हक्काचा प्रश्न आहे, घरातल्या गोष्टी खंडपीठापुढे नेता येत नाहीत. मोठ्या समजुतीच्या सुरात म्हणालो. खरे म्हणजे मला ते फोटो सोडवत नव्हते. हनुमंतला वगळले असते तरी याचिका उभी राहिली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

आम्ही जिंकलो. महाधिवक्त्यांनी फक्त सल्ला द्यावा; कायदा करणे संसदेचे आणि त्याचा अर्थ ठरवणे न्यायालयाचे काम, असा निकाल झाला. मी बोललो होतो जवळजवळ तसाच. बंदुका घरी आल्या. मला फेटा बांधला आणि ते सन्मानचिन्ह दिले. मी ते दिवाणखान्यात, आल्यागेल्याला दिसेल असे लावले.

चैत्रात ट्रॅक्टरने बांध कोरला म्हणून हनुमंतचे सख्ख्या भावाशी, अमृतशी, वाजले. त्याने घरातून बंदूक आणली आणि झाडली. अमृतचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दोघांच्याही शेतात त्या दिवशी पिकाची काडी नव्हती. तो अभिप्राय लागू असता तर बंदूक ठाण्याच्या खोलीत असती. निकाल बरोबर होता हे मी आजही म्हणेन. पण अमृत कुबडीवर येताना दिसला की मी वाट बदलतो.

याहून वाईट पुढे आहे. अमृतच्या घरच्यांनी पोलिसांना सांगितले की बंदूक पुष्पावतीने नवऱ्याच्या हातात दिली, कान तिनेच भरले. तिच्यावरही गुन्हा दाखल झाला. ती जामिनावर आहे आणि माहेरी, तिसगावला राहते. पोलिसांनी मला विचारले होते, हनुमंतच्या स्वभावाबद्दल आधी कोणी काही बोलले होते का? मी नाही म्हणालो. "हो" म्हटले असते तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. त्या बाईने घरात बंदूक नको म्हणून माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते, आणि तिनेच ती नवऱ्याच्या हातात दिली हे मी गावाला बोलू दिले. मी गुन्हेगार आहे. कोणत्या कलमाखाली, ते कोर्ट बघेल.

कलम ५. ~~तिसगाव रस्त्याकडची वीस गुंठे जमीन सौ. पुष्पावती हनुमंत गर्जे हिला द्यावी आणि वरचा मजकूर माझ्या मरणानंतर कोर्टात हजर करावा.~~

हे कलम खोडले आहे. खाडाखोड माझी आहे, बाजूला सही केली आहे. कारण असे.

आज दुपारी मी पुष्पावतीला बोलावून हा कागद वाचायला दिला. तिने चष्मा मागून घेतला आणि पहिल्या ओळीपासून सगळे वाचले. मला वाटले होते, रडेल. ती कलम पाचवर बोट ठेवून थांबली.

"जमीन खोडा, आबा. जमीन घेतली तर लोक म्हनतील, साक्ष इकत घेतली."

मी म्हणालो, बरे, जमीन काढतो, कबुली तर आहे. ती म्हणाली, "तुमी गेल्यावर वकील उलटतपासनी कुनाची घेतील? ह्या कागदाची?"

मी कोर्टात जन्म घालवला आणि हे मला तिने सांगावे लागले. मेल्यावर उघडणारी कबुली मला सोयीची होती. तिला तिचा उपयोग थोडा आणि मला त्रास काहीच नाही. ऑपरेशनसाठी पुण्याहून आलेला भागवत म्हणाला, ऑपरेशन होऊ द्या, मग बघू. राहीबाई आतून म्हणाली की मग बघायला माणूस पाहिजे.

तेव्हा कलम ५ ऐवजी असे: उद्या सोमवारी सकाळी मी तपासी अधिकाऱ्यांकडे जाऊन आधीचा जबाब खोटा होता असे सांगणार आहे, आणि बोलावतील त्या कोर्टात उभा राहणार आहे. भागवत गाडी काढेल. वाटेत आधी अमृतच्या दारात थांबायचे आहे.

उठताना मी पुष्पावतीला विचारले, माझ्याबद्दल मनात राग असेल ना?

"हाय," ती म्हणाली. "उद्या जाऊन आल्यावर बी राहील. पन तुमी चला."

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. खालील दोघांसमोर सही करतो. त्यांनी माझ्यासमोर केली. या कागदातून दोघांनाही काही मिळत नाही.

सही: कारभारी नामदेव शिरसाट

साक्षीदार
१. डॉ. गोरक्ष विठ्ठल पालवे, खांडवाडी
२. सौ. पुष्पावती हनुमंत गर्जे, हल्ली मुक्काम तिसगाव

ठिकाण: खांडवाडी
दिनांक: १८ जानेवारी २०२६, रविवार