मनीषरावांनी दिलेलं मशीन

चिंचणी,
रविवार दुपार

प्रिय मेघू,

तू उमरोळीला आईकडे जाऊन राहिलीस त्याला आज सोळा दिवस झाले. मध्येच राग आला तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

वादळात आमच्या वाडीतली सात चिकूची झाडं आडवी झाली, तेव्हा तुझ्या नवऱ्याने, मनीषरावांनी, आपलं जुनं चेनसॉ, ती पेट्रोलवरची करवत, आम्हाला विकलं. आणून दिलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जुनं मशीन इतकं लख्ख कसं? झाकणाच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे होते. उघडलं का होतं, विचारलं तर मनीषराव म्हणाले, "साफ केलं, ताई." एवढंच. मला ते उत्तर फारच आखूड वाटलं.

पहिला आठवडा मशीन झकास चाललं, तीन झाडं कापून झाली. मग सुरू व्हायचं आणि दहा मिनिटांत घुसमटल्यासारखं बंद पडायचं. थंड झालं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. विहिरीचा पंप मीच सांभाळते, हे तुला ठाऊक आहे. मी प्लग काढला, घासला, शेवटी नवा घातला. एअर फिल्टरमधला भुसा धुतला. टाकीत हवा जात नसेल म्हणून झाकण सैल करून पाहिलं. कार्ब्युरेटरही साफ केला. मग सुरू करायची दोरी ओढताना हाताला अडच लागेना, इंजिनातला दाबच गेला होता. वाडीत कामाला येणारी रखमाबाई म्हणाली, "वहिनी, देनाऱ्याला सगला म्हाईत हाय." मला नेमकं तेच ऐकायचं होतं.

मनीषरावांना फोन केला, तर दोनदा उचलला नाही. तारापूरच्या कारखान्यात शिफ्टला असतील, हे मला सुचलंसुद्धा नाही. टाळतायत, एवढंच वाटलं. तिसऱ्यांदा उचलला आणि पहिलाच प्रश्न, "ताई, पेट्रोल कुठलं घातलंत?" बघ, मी मनात म्हटलं, आता माझ्यावर ढकलणार.

मशीन बोईसरच्या मेकॅनिककडे नेलं. त्याने सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली. पिस्टनवर उभ्या रेघाच रेघा. "बिना ऑइल के चलाया है किसी ने," तो म्हणाला. 'किसी ने' ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला.

त्याच संध्याकाळी आईच्या पंच्याहत्तरीचं जेवण होतं. पुढचं तुला माहीतच आहे. भरल्या पंगतीत मी म्हणाले, खराब करून, वरून पुसून विकलंत. मनीषराव काही बोलले नाहीत. तू मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलंस, "नक्की ना ताई?" मी म्हणाले, नक्की. आणि वर म्हणाले, बायकोच्या सख्ख्या बहिणीला फसवणारा माणूस घरात काय काय लपवत असेल. मग तुलाही त्यांचा ओव्हरटाइम, उशिरा येणं, फोन घेऊन बाहेर जाणं, सगळंच संशयाचं दिसायला लागलं. त्या रात्री तू घरी परत गेली नाहीस.

मेकॅनिकने टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून दिलं होतं. गेल्या शनिवारी पडवी आवरताना मनीषरावांनी मशीनबरोबर दिलेला पेट्रोलचा डबा सापडला. तळाला थोडं उरलं होतं, हिरवट. बाटलीतलं तसं नव्हतं. मी दोन्हींचे थेंब वर्तमानपत्रावर टाकले. बाटलीतला थेंब उडून गेला, डाग नाही की काही नाही. डब्यातल्या थेंबाचा मात्र तेलकट डाग राहिला. पहिला आठवडा मशीन त्यांच्या डब्यावर चाललं होतं. तो संपल्यावर मी स्कूटरसाठी ठेवलेलं साधं पेट्रोल ओतलं. मी, मेघू. दुसऱ्या कुणी नाही.

त्यांनी सांगितलं नव्हतं असंही नाही. फाटकाशी उभे राहून म्हणाले होते, "यात ऑइल मिसळलंय ताई, संपलं की असंच मिसळून घाला." मला काय शिकवतात, असं वाटून मी नुसतं हो हो केलं.

हे कळून आठ दिवस झाले आणि मी गप्प राहिले. इतक्या लोकांसमोर बोलून बसले होते. शिवाय तू रोज फोन करत होतीस, प्रत्येक गोष्ट मला विचारत होतीस. ते मला आवडत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

आज सकाळी बोईसरला तुमच्या घरी जाऊन मनीषरावांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मी तेव्हाच ओळखलं होतं." मग पंगतीत का बोलला नाहीत, मी विचारलं. "मेघाली तुमच्याकडे बघत होती ताई, माझ्याकडे नाही." मग म्हणाले, "तिने तुमच्या शब्दावर घर सोडलंय. आता तुम्हीच तिला लिहून द्या. फोनवर ती तुम्हालाच सांभाळून घेईल." म्हणून लिहितेय. मशीन मी बिघडवलं. त्यांनी मला फसवलं नाही. परत जा की नको जाऊ, हे मी सांगणार नाही. माझं ऐकलंस तेवढं पुरे झालं. जे विचारायचं ते आता त्यांनाच विचार.

चुकलेली, पण तुझीच,
दमयंतीताई