दार बंद करणारा चहा

४ एप्रिल
मी! मीच! आमचे कुंग-फूचे वस्ताद गे आज तालमीत सगळ्यांदेखत म्हणाले — "आता एकच शिष्य घेणार. मग दार कायमचं बंद. या शुआंगला घेईन." रविवारी गुडघे टेकून त्यांना चहा द्यायचा. ते प्याले की मी त्यांच्या घराण्यातली!
लू दादा, त्यांचा थोरला शिष्य, तोंड वाकडं करून म्हणाला, "पोरगी! म्हातारा चळला." जळ मेल्या!

५ एप्रिल
झोप नाही, भूक नाही. आईने तिच्या गाडीवर विकते ती गाढवाच्या मांसाची भरली रोटी पुढ्यात ठेवली. गार झाली.

६ एप्रिल
सकाळी स्वयंपाकघरात सराव करत होते. कोपराचा मार काही केल्या जमेना. आई कणीक मळता मळता म्हणाली, "घाई करतेस. टाच आधी, मग कंबर. कोपर आपोआप येतं." आणि करून दाखवलं! पिठाच्या हातांनी! टाच अशी आपटली की फळीवरचे वाडगे खणखणले. मी आ वासून बघतच राहिले.
"तुला कोणी शिकवलं?"
"कोणी कशाला? तालमीच्या दारातच गाडी लावते ना मी. दिसतं."
खूप खोदून विचारलं, तेव्हा बोलली. माझ्याएवढी असताना तीही याच वस्तादांकडे चहा घेऊन गेली होती. वस्ताद म्हणाले, "बायकांना नाही." भरला कप तसाच परत आणला आणि घरी येऊन स्वतः प्याली.
मला वाटायचं, तिथे गिऱ्हाईक जास्त म्हणून गाडी लावते!

७ एप्रिल
राग येतोय, रडूही. नुसतं बघून शिकलेल्याला कोण शिष्य म्हणणार? ज्याचा चहा वस्ताद पितात, त्यालाच पुढे दुसऱ्याला शिकवता येतं. आणि जागा एकच!

८ एप्रिल, रविवार
केलं!
तालीम खचाखच भरलेली. मी कप घेऊन गुडघे टेकले आणि म्हटलं, "वस्ताद, मला नको. माझ्या आईला घ्या." लू दादा ओरडला, "वेड लागलं का हिला?" आई दारात, ॲप्रन तसाच, म्हणतेय — "ऊठ गं, काय तमाशा!"
वस्ताद तिला म्हणाले, "कर बघू."
तिने टाच आपटली. कोपर सुटलं. लू दादा दोन पावलं मागे सरला!
वस्ताद म्हणाले, "चहा गार होतोय. आण."
आईने दिला. त्यांनी थेंबही ठेवला नाही. दार बंद झालं. माझ्यासाठीसुद्धा.

९ एप्रिल
पहाटे चहा केला. चुलीपाशी आईसमोर गुडघे टेकले. ती कपाकडे बघत राहिली, मग एका दमात प्याली. "पानं जास्त पडली," म्हणाली. "ऊठ. टाच आधी."