ट्रुसची शेवटची नळी

लायडन, मंगळवार

ती. जिक्के आत्याला विबेचा वाकून नमस्कार (सायकलवरून वाकता येतो तेवढा). तुझा गुडघा कसा आहे? अंगणातल्या पेअरला फळ धरलं का? माझी तब्येत उत्तम; डोकं नेहमीप्रमाणे कालव्यावरच्या ढगांत. तू शुक्रवारी मेंढ्या विकून शहरात फ्लॅटवर जाणार असं कळलं. त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही.

तुझ्या ट्रुस मेंढीच्या रक्ताचं आमच्या प्रयोगशाळेत काय करतात, असं श्यूर्डकाका विचारायचे आणि मी सांगायला लागलो की झोपायचे. तू जागी राहा. रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन नावाचं एक प्रथिन असतं, आणि त्याला आवर घालणारं दुसरं. दुसरं पहिल्याला असं कवटाळतं की दोघं पुन्हा सुटत नाहीत. रक्तात अशा जोड्या किती, ते मोजलं की आत कुठे गुठळी होतेय का याचा अंदाज येतो. ही जोडी टोचल्यावर ट्रुसच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीज नेमकी ही जोडीच ओळखतात. दोघांपैकी एकटं कोणी समोर आलं तर ओळख दाखवत नाहीत. (काका गेल्यापासून गावातले लोकही तुझ्याशी तसेच वागतात, असं तू ईस्टरला म्हणालीस. मी आणखी सूप घेतलं. फार वाईट वाटलं होतं, आत्या.) जोडी सापडली की प्लेटमधल्या इवल्या वाट्यांत हळूहळू निळा रंग चढतो. तो बघताना मला तुझ्या बांधामागचं पाणी दिसायला लागतं, त्यावरची बदकं, काठावर टोपी डोळ्यांवर ओढून पडलेले काका. मग घड्याळाकडे बघायचं राहतं आणि सगळ्याच वाट्या निळ्या होतात.

गेल्या शुक्रवारीही तंद्री लागली. ट्रुसच्या अँटिबॉडीजची शेवटची नळी बर्फात ठेवायची, ती शर्टाच्या खिशात ठेवून मी थेट आन्केताईच्या वाढदिवसाला गेलो. आपल्या रीतीप्रमाणे ताईबरोबर गोल मांडलेल्या खुर्च्यांवरच्या एकोणीस पाहुण्यांचंही हात मिळवून अभिनंदन केलं (त्यातला एक नुसता ड्रिल मशीन परत द्यायला आला होता). वाट्याचा केकचा एक तुकडा खाल्ला, आणि छातीशी काहीतरी टोचलं तेव्हा आठवलं. लगेच ताईच्या फ्रिजमध्ये हेरिंग माशांच्या बरणीशेजारी ठेवून दिली. सोमवारी आमच्या बाई, डॉ. रूलीन, म्हणाल्या, "विबे, नळी कुठाय? का तीही ढगात गेली?" मी म्हटलं, सुखरूप आहे. तेव्हा काळजी नसावी.

तुझा भाचा,
विबे

ता. क. फ्रिजमध्ये ठेवली ती माझ्या नाकात घालायच्या थेंबांची बाटली निघाली. नळी खिशातच होती. शर्ट नळीसकट साठ अंशांच्या पाण्यात धुतला. फार स्वच्छ निघाला.

ता. क. २ : म्हणून ट्रुसला ट्रकमध्ये चढवू नकोस. फ्लॅटचंही जरा थांब. तिचं रक्त काढायला शनिवारी येतो, आत्यानं हो म्हटलंय, असं मी बाईंना सांगून बसलोय.

ता. क. ३ : ट्रुस आधीच गेली असेल, तरी येतोच. बटाटे दोघांचे सोल.