आप्पांची ऊर्जा

शिरूर

प्रिय हर्षदा,

मी त्या रविवारी तुझ्या मनःशक्तीच्या शिबिराला आले होते. तुला दिसू नये म्हणून मागे खांबाजवळ बसले. दौंडचं ते मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जाणारी माझी धाकटी बहीण माईक धरून बोलते आणि एवढी माणसं ऐकतात, हे बघून खोटं कशाला सांगू, पोटात दुखलं. कॉलेजात फिजिक्स मी शिकवते, पण माझ्या वर्गात अशी शांतता कधी नसते.

तू सांगत होतीस, आपण बघितलं की इलेक्ट्रॉनचं वागणं बदलतं, म्हणजे मन जग घडवतं. अगं, तिथं बघणं म्हणजे उपकरणानं मोजणं. डोळे मिटून इच्छा धरण्याशी त्याचा काही संबंध नाही. मग म्हणालीस, ऊर्जा नष्ट होत नाही, म्हणून आपले आप्पा आजही आपल्यात आहेत. तापलेला तवा गार होतो तेव्हा त्याची ऊर्जा खोलीत जाते, पण म्हणून खोलीभर तवा पसरला असं कुणी म्हणतं का? आप्पांच्या देहाची ऊब हवेत गेली. शेवंतीला पाणी द्यायला उशीर झाला की चिडणारे आप्पा त्या उबेत नव्हते. जाणीव म्हणजे काय, हे माझ्या पुस्तकांनाही अजून सांगता आलेलं नाही. तुला मात्र ते दोन तासांत सांगता येतं.

उठून हे सगळं बोलणार होते. तेवढ्यात पुढच्या रांगेत आई दिसली. ती रडत होती आणि हसतही होती. राहते माझ्याकडे, तिचं पथ्यपाणी, गोळ्या मी बघते, आणि दर रविवारी ती एसटीनं तुझ्याकडे येते. माझ्या घरात ती अशी कधी हसली नाही.

घरी आल्यावर न राहवून मी आईला सगळं समजावलं. तव्याचंसुद्धा सांगितलं. वाटलं, तिला धक्का बसेल. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठावं हाय, तिला त्यातलं काय कळत न्हाई. मला तरी कुठं कळतंय? पर ती त्यांचं नाव घेती. तुझ्या घरात वरीस झालं, त्यांचं नाव कुणी काढलं न्हाई."

मीही खाली बसून मेथी निवडायला घेतली.

तुझं फिजिक्स मला आजही पटत नाही, पुढंही पटणार नाही. पण माझ्या पोटात दुखतं ते त्यामुळे नाही. आप्पा गेले तेव्हा मी परीक्षेच्या ड्युटीवर होते आणि त्यांच्या उशाशी तू होतीस. शेवटी ते आपल्या दोघींबद्दल काहीतरी बोलले, असं तू त्या दिवशी माईकवरून म्हणालीस. समोरच्या परक्या माणसांबरोबर मी ते पहिल्यांदा ऐकलं, आणि पुढचं टाळ्यांत बुडालं. तू कधी सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. या आठवड्यात सुट्टी काढून ये. आईच्या शेजारी बसून मला सांग, आप्पा काय बोलले. जे घडलं तेवढंच सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
तेजू